पोट बिघडलेली टाकी

इंदूरच्या देवगुराडियातला, ओल्या कचऱ्यापासून इंधनाचा गॅस बनवणारा बायो-सीएनजी प्रकल्प फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाला. दिवसाला 550 टन कचरा पचवण्याची त्याची तेव्हाची क्षमता. घराच्या गच्चीवरची हजार लिटरची बायोगॅसची टाकी तेच काम करते, पण तिचं पोट नाजूक. (भरली की टनभर वजन होतं, म्हणून गच्चीखाली इमारतीचा खांब असेल तिथेच ती ठेवा.)

आत दोन टोळ्या राबतात. पहिल्या टोळीतले बॅक्टेरिया पोहे, भात, पोळी फोडून आम्लं बनवतात आणि काही तासांत दुप्पट होतात. दुसरी टोळी त्या आम्लांचा मिथेन करते. हे खरं तर बॅक्टेरियाच नव्हेत, आर्किया नावाचं वेगळं कुळ. त्यांना हवा सोसत नाही, आणि दुप्पट व्हायला कित्येक दिवस लागतात. टाकीची बहुतेक दुखणी या वेगाच्या तफावतीतून येतात.

हे आर्किया गाईच्या पोटातून येतात, म्हणून सुरुवात शेणकाल्याने. 50-60 किलो ताजं शेण तेवढ्याच पाण्यात कालवून, काड्या काढून ओता. वर पाणी भरा आणि पंधरा-वीस दिवस थांबा. पहिला गॅस पेटत नाही, त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त. तो उघड्यावर सोडून द्या. मग रोज 200 ग्रॅम खरकटं, मिक्सरमधून काढून, तेवढ्याच पाण्यात. महिनाभरात 2 किलोपर्यंत जा. त्यातून साधारण 200 लिटर गॅस मिळतो: सकाळचा चहा आणि वरणभाताचा एक कुकर.

रविवारी पाहुणे येतात, चार किलो पोहे उरतात आणि सगळे टाकीत जातात. दुसऱ्या दिवशी गॅस फुगतो, पण ज्योत उडून विझते. तिसऱ्या दिवशी बाहेर पडणाऱ्या पाण्याला आंबूस वास. आम्लता मोजणारी पीएचची पट्टी 7 ऐवजी 6 दाखवते, म्हणजे आम्ल वाढलं. आता मिथेनवाले थंडावलेत, आम्लवाले मात्र जोरात.

अशा वेळी आठवडाभर लंघन. 100 ग्रॅम खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून घाला, दुसऱ्या दिवशी पट्टी बुडवा, गरज पडली तरच पुन्हा. चुना नको, तो कार्बन डायऑक्साइड शोषून तळाशी गाळ करतो. सोबत बादलीभर ताजा शेणकाला.

पोह्यांवर पिळलेल्या लिंबांची सालं मात्र वेगळी काढा. सालीतलं तेल मिथेनवाल्यांना मारक. थंडीत रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरला की खाणं निम्म्यावर आणा आणि कालवायला कोमट पाणी घ्या.