वॅम्पमचे पट्टे कोणाचे? वादाची पार्श्वभूमी

न्यूयॉर्कच्या राज्य संग्रहालयाने ऑक्टोबर १९८९ मध्ये १२ वॅम्पम पट्टे, म्हणजे शिंपल्याच्या मण्यांनी विणलेले पट्टे, तिथल्या मूळनिवासी ऑनंडागा राष्ट्राला परत केले. पट्टे हातचे गेल्याला तेव्हा जवळजवळ शंभर वर्षे होत आली होती. इतका काळ का लागला, याचे उत्तर वॅम्पमला सरसकट ‘पैसा’ ठरवण्याच्या जुन्या सवयीत बरेचसे सापडते.

मणी घडवणे हे किनाऱ्यावरच्या लोकांचे काम. लाँग आयलंड सामुद्रधुनीच्या काठाला क्वाहॉग नावाचा जाड शिंपला मिळतो. त्याच्या आतल्या कडेला जांभळा पट्टा असतो आणि गडद मणी तेवढ्याच भागातून निघतो. पांढरा मणी व्हेल्क या शंखाच्या मधल्या दांड्याचा. तुकडा तासायचा, दोन्ही टोकांकडून भोक पाडत मध्यावर जुळवायचे, वरून पाणी सोडत राहायचे, नाहीतर शिंपला तापून तडकतो. मग दगडावर घासून गोलाई आणायची. एवढ्या खटपटीनंतर हाती येतो तो जेमतेम सहा मिलिमीटर लांबीचा मणी. युरोपीयांकडून लोखंडी टोच्या मिळू लागल्या तशी भोके बारीक पडू लागली आणि मण्यांचे उत्पादन झपाट्याने वाढले. जांभळ्याचा भाव साधारण पांढऱ्याच्या दुप्पट.

किनाऱ्यावरचे मणी दिले की आतल्या प्रदेशातून बीव्हर या प्राण्याची कातडी मिळतात, हे डच व्यापाऱ्यांनी आधी हेरले. त्यांच्यातल्या एकाने १६२२ मध्ये किनाऱ्यावरच्या पीक्वॉट जमातीच्या प्रमुखाला ओलीस धरून १४० वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) लांबीच्या माळा उकळल्या. प्लिमथ वसाहतीतल्या इंग्रजांनी १६२७ मध्ये डचांकडून ५० पौंडांचे मणी घेतले. ते खपायला दोन वर्षे गेली, पुढे मात्र माल पुरेना. नाण्यांची चणचण होती, म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या इंग्रज वसाहतीने १६३७ मध्ये पेनीला सहा मणी असा दर लावून किरकोळ देण्याघेण्यात त्यांना कायद्याने मान्यता दिली. पीक्वॉटांशी इंग्रजांच्या झालेल्या युद्धानंतर खंडणी आणि दंडही मण्यांतच वसूल होऊ लागले. १६४५ मध्ये नॅरागॅन्सेट या मूळनिवासी लोकांवर २००० वावांचा दंड बसला. बॉस्टनमध्ये १६५२ ला टांकसाळ निघाली, बीव्हर कमी होत गेला आणि १६६१ मध्ये मान्यता काढून घेतली गेली. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात वॅम्पम पैसा होता तो उणीपुरी २४ वर्षे! त्या २४ वर्षांची ओळख मात्र त्याला आजही चिकटून आहे.

होडेनोशोनी (इरोक्वॉय) या मूळनिवासी राष्ट्रांच्या संघात ऑनंडागाही येतात. या राष्ट्रांकडे मण्यांचे स्थान वेगळे होते. दुखवट्याचे सांत्वन, प्रमुखाची निवड, तह, युद्धाचा निरोप यांतले काहीच वॅम्पम हाती दिल्याशिवाय पक्के होत नसे. कातड्याच्या वाद्या ताणून, दोऱ्याने मण्यांच्या रांगा विणून पट्टा तयार होई आणि त्यातली आकृती कशाची, हे तोंडपाठ असलेला माणूस तो सभेत ‘वाचत’ असे. आपल्याकडे कवडी बाजारात चालत होती आणि तुळजाभवानीच्या भक्ताच्या गळ्यातही होती. भक्ताची माळ पाहून तिला कोणी चिल्लर म्हटले नाही. १७९४ च्या कॅनन्डेग्वा तहाशी जोडला जाणारा सुमारे सहा फुटांचा पट्टा हा होडेनोशोनींच्या लेखी अमेरिकेशी केलेल्या कराराचा दस्तऐवजच आहे.

एकोणिसाव्या शतकात मण्यांचा मोठा व्यापार गोऱ्यांच्या हाती होता. न्यूजर्सीतल्या पार्क रिजमध्ये एका कुटुंबाचा कारखाना १८८९ पर्यंत चालला. त्यानंतर दोनच वर्षांनी ऑनंडागांच्या पट्टेरक्षकाने चार पट्टे एका सरकारी माणसाला ७५ डॉलरना विकले. ते पुढे ५०० डॉलरना अल्बनीच्या एका राजकारण्याकडे गेले. राष्ट्राचे म्हणणे साधे होते: रक्षक म्हणजे मालक नव्हे, त्याला विकण्याचा अधिकारच नव्हता.

खरा गुंता १८९८ मध्ये झाला. पट्टे सोडवण्यासाठी काही प्रमुखांनी राज्याच्या विद्यापीठालाच ‘पट्टेरक्षक’ नेमले आणि दोघांनी मिळून दावा लावला. दुसऱ्याच वर्षी विधिमंडळाने या नेमणुकीवर कायद्याची मोहोर उमटवली. न्यायालयाने पट्ट्यांना संपून गेलेल्या संघाचे अवशेष मानले आणि विकत घेणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. संघाची परिषद तेव्हाही भरत होती, हे इथे सांगितलेच पाहिजे. १९०३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही प्रकरणात हात घातला नाही. दावा हरला, पण राज्याचे रक्षकपद तसेच राहिले. वादातले पट्टे १९२७ मध्ये वारसाकडून राज्य संग्रहालयात आले आणि राज्य रक्षकाऐवजी मालकासारखे वागू लागले. रक्षकाने विकू नये म्हणून ज्याला रक्षक केले, त्यानेच परत द्यायला नकार द्यावा, हा अन्याय पहिल्या विक्रीपेक्षा मोठा वाटतो.

१९७० च्या सुमारास मागणीने पुन्हा जोर धरला, तेव्हा काही नामवंत मानववंशशास्त्रज्ञांनी पट्टे परत देऊ नयेत, असे राज्यपालांना कळवले. आपल्याच अभ्यासविषयाच्या माणसांविरुद्ध अभ्यासकांनी उभे राहावे, ही गोष्ट ऑनंडागांना फार लागली. १९७१ च्या कायद्याने पाच पट्टे द्यायचे मान्य केले, पण ते ठेवण्यासाठी योग्य इमारत उभी राहिली तरच. अट पुरी झाली नाही, पट्टे हलले नाहीत. १९८८ मध्ये न्यूयॉर्क शहरातल्या एका संग्रहालयाने ११ पट्टे कॅनडातल्या ग्रँड रिव्हरच्या होडेनोशोनींना दिले. त्याच्या पुढच्या वर्षी राज्यानेही आपल्याकडचे पट्टे सोडले.

१९९० च्या संघराज्य कायद्याने सरकारी अनुदान घेणाऱ्या संग्रहालयांना असा ठेवा परत देण्याची प्रक्रिया घालून दिली. खासगी संग्राहक त्या प्रक्रियेत येत नाहीत. २००९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वॅम्पम पट्टे लिलावाला निघाले, ते होडेनोशोनींच्या निषेधानंतर मागे घेतले गेले. तेव्हाही आधार होता तो निषेधाचाच.