रोमन काँक्रीट
रोमन काँक्रीट म्हणजे चुना, ज्वालामुखीची राख, पाणी आणि दगड-विटांचे तुकडे यांचं मिश्रण. इ.स.पू. दुसऱ्या शतकापासून रोमन लोक ते बांधकामात सर्रास वापरायला लागले, आणि यात लोखंडी सळई अजिबात नसायची.

खरी कमाल राखेची आहे. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो त्यामुळे पाण्याखाली तो काही कामाचा नाही, पण नेपल्सजवळच्या पोत्सुओलीची राख त्यात घातली की तिच्यातल्या सिलिका आणि अ‍ॅल्युमिनाची चुन्याशी रिअ‍ॅक्शन होते आणि माल पाण्याखालीसुद्धा घट्ट धरतो. व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने पाण्यातल्या बांधकामासाठी एक भाग चुन्याला दोन भाग राख असं प्रमाणच लिहून ठेवलंय. ज्यूडियाच्या (आजच्या इस्रायलकडच्या) हेरोद राजाने सीझेरिया बंदर बांधलं तेव्हा ही राख इटलीहून जहाजाने भूमध्य समुद्राच्या पार पूर्व टोकाला नेली होती! आपल्याकडेही जुन्या बांधकामात चुन्यात विटांची भुकटी म्हणजे सुरखी घालायचे, तिचं काम तेच, आणि रोमन लोकही राख नसेल तिथे कौलं-विटा कुटून घालायचेच.

सगळ्यात भारी उदाहरण रोमचं पँथिऑन मंदिर, हेड्रियन बादशहाच्या काळात साधारण इ.स. 126 च्या सुमारास पूर्ण झालं. घुमटाचा व्यास 43.3 मीटर, आणि बिनसळईच्या काँक्रीटचा एवढा मोठा घुमट आजही जगात दुसरा नाही. खाली जड दगडाची खडी, वर जाताना हलकी, अगदी टोकाला प्युमिस म्हणजे सच्छिद्र ज्वालामुखी दगड, घुमटाची जाडीसुद्धा खाली साधारण 6 मीटर आणि वरच्या उघड्या झरोक्यापाशी सव्वा मीटरच्या आसपास, म्हणजे वजन कुठे कमी करायचं हे त्यांना पक्कं कळलेलं होतं.

या काँक्रीटमध्ये चुन्याचे पांढरे खडे दिसतात. आधी वाटायचं माल नीट कालवला नसेल, पण 2023 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या टीमने दाखवलं की कळीचा (न विझवलेला) चुना थेट घालून माल गरम-गरम कालवल्यामुळे ते राहतात, आणि पुढे तडा गेला की त्यात पाणी शिरून हाच चुना विरघळतो आणि तडा भरून काढतो.

पण त्यावर आजचे टॉवर उभे राहणार नाहीत हेही तितकंच खरं, ते हळू सेट होतं आणि ताण सहन करायला त्यात सळई नाही. रोमन साम्राज्य गेल्यावर युरोपात ही कला बरीचशी मागे पडली. 1750 च्या दशकात इंग्लंडच्या जॉन स्मीटन या इंजिनिअरने एडिस्टन दीपगृहासाठी चुन्यात इटलीची राख घालून पुन्हा तोच मार्ग धरला, 1824 मध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं, आणि आज आपल्या साइटवर येणाऱ्या पीपीसीच्या (पोर्टलँड पोझोलाना सिमेंटच्या) गोणीत सहसा 15 ते 35 टक्के थर्मल पॉवर स्टेशनची फ्लाय अ‍ॅश, म्हणजे कोळशाची बारीक राख असते, जी ज्वालामुखीच्या राखेचंच काम करते.