सर म्हणाले म्हणजे खरंच का? या प्रश्नामागची पार्श्वभूमी

हल्ली ठाण्यात एकांकिकेच्या ग्रुपमध्ये, गाण्याच्या क्लासला, अगदी कोचिंगच्या पोरांच्या तोंडीसुद्धा एक वाक्य ऐकू येतं, "हा नुसता माझा विचार आहे, फॅक्ट नाही." ज्यांना आपण मनापासून मानतो त्या सरांनी किंवा ताईंनी सगळ्यांसमोर "हे तुझं काम नाही, सोड" असं सुनावलं की पोरगं रात्रभर तेच घोळवत बसतं, आणि मग कोणीतरी मित्र त्याला हे वाक्य ऐकवतो. बऱ्याच जणांना वाटतं हे पॉझिटिव्ह थिंकिंग आहे. नाहीये.

याचं मूळ शोधत गेलं तर पार एपिक्टेटसपर्यंत जातं. पहिल्या-दुसऱ्या शतकातला ग्रीक तत्त्वज्ञ, जन्माने गुलाम, पायाने अधू. स्वतः काही लिहिलं नाही, शिष्य अरियनने उतरवून घेतलं म्हणून टिकलं. त्याचं म्हणणं असं की शिव्या देणारा तुमचा अपमान करत नाही, "हा माझा अपमान आहे" हे तुमचं मतच तुमचा अपमान करतं.

हे वाचून अमेरिकेत अल्बर्ट एलिस नावाचा पोरगा भारावला होता. हा भयंकर लाजाळू, मुलींशी बोलायची भीती. १९ वर्षांचा असताना न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जाऊन त्याने एका महिन्यात शंभरेक बायकांशी मुद्दाम गप्पा मारायचा प्रयत्न केला. डेट ठरली एक, आणि ती बाई पण आली नाही! पण नकार मिळाला म्हणून कोणी मरत नाही हे त्याला कळलं. पुढे तो फ्रॉइडची मनोविश्लेषणाची पद्धत, म्हणजे सायकोअ‍ॅनालिसिस शिकला, मग त्याला कंटाळला आणि १९५५ च्या सुमारास स्वतःची पद्धत सुरू केली, जी आज आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी) म्हणून ओळखली जाते, मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार. त्याचा मुख्य मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: कृतीला मार्क द्या, माणसाला देऊ नका. "आजचा नाटकातला प्रवेश पडला" हे तपासता येतं, "मी फालतू आहे" हे कशावरून तपासणार? (गंमत म्हणजे एलिस स्वतः अतिशय तिखट बोलायचा, लोकांसमोर शिव्या द्यायचा.)

त्याच सुमारास फिलाडेल्फियात मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक वेगळ्याच वाटेने तिथेच पोचला. डिप्रेशन म्हणजे स्वतःवर उलटलेला राग, ही फ्रॉइडच्या परंपरेतली कल्पना सिद्ध करायला तो पेशंटची स्वप्नं तपासत होता, आणि सापडलं भलतंच, स्वप्नांत राग नाही तर हरणं, गमावणं, नाकारलं जाणं. मग त्याच्या लक्षात आलं की या लोकांच्या डोक्यात "मला काही येत नाही" अशी वाक्यं आपोआप चालू असतात आणि ती त्यांना इतकी खरी वाटतात की कोणी तपासतच नाही. १९६० च्या दशकात त्याने कॉग्निटिव्ह थेरपी, म्हणजे विचार तपासून करायचा उपचार, उभी केली. त्यात विचाराला "पुरावा काय?" असं विचारायचं, आणि पुरावा विरोधात गेला तर तेही मान्य करायचं. म्हणूनच ते पॉझिटिव्ह थिंकिंग नाही.

मराठीत हे आणण्यात मानसोपचारतज्ज्ञ किशोर फडके यांचा वाटा मोठा, त्यांचा एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता. आणि ठाण्यात १९९० मध्ये मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. एकेकाळी मुंबईत कोणाचं डोकं फिरलं म्हटलं की "याला ठाण्याला पाठवा" म्हणायचे, कारण इथलं १९०१ चं मेंटल हॉस्पिटल. त्याच गावात मनाबद्दल मराठीत, भाषणांतून आणि वर्कशॉपमधून इतकं मोकळं बोलायची सवय लागली, ही मला साधी गोष्ट वाटत नाही.

पण आपल्याकडे एक अडचण जास्तीची आहे. टीका कुठल्यातरी ऐऱ्यागैऱ्याची असेल तर पुरावा मागणं सोपं असतं, पण गुरूचा शब्द प्रमाण मानूनच आपण शिकलेलो असतो. त्यामुळे सर एका दमात दोन गोष्टी बोलतात, "तुझी लय दुसऱ्या आवर्तनात सुटते" आणि "तुझ्यात तालच नाही", आणि आपण दोन्ही सारख्याच श्रद्धेने घरी घेऊन येतो. पहिलं वाक्य सोन्यासारखं आहे, रियाज कुठे करायचा ते सांगतं, आणि त्यावर सरांचा अधिकार आहेच. दुसरं हे वीस मिनिटं ऐकून अख्ख्या माणसावर लावलेलं लेबल, तिथे सरांचा अभ्यास काही कामाचा नाही, आणि "सरांना चॅलेंज कसं करणार" म्हणून गप्प बसणाऱ्याला हे सांगावं लागतं की तपासायचंय ते आपल्या डोक्यातलं वाक्य, सरांना जाब नाही विचारायचाय.

एलिस तर याच्याही पुढे गेला होता, त्याला सेल्फ-एस्टीम ही भानगडच मान्य नव्हती, कारण त्यातही माणसाला मार्क देणं आलंच. म्हणजे उद्या सर "तू जीनियस आहेस" म्हणाले तर त्यालाही पुरावा मागायला हवा, पण तेव्हा मात्र कोणी मागत नाही, स्टेटसला टाकतात.