डबा बदलण्याआधी : नाकातल्या नळीतून फीड देणाऱ्या घरांसाठी

"हे फीड सोसत नाही, दुसरी पावडर द्या," असं म्हणत बरेच जण आमच्या औषध दुकानाच्या काउंटरवर येतात. दुसरा डबा विकायला आमची ना नाही. पण बहुतेक वेळा दोष पावडरीचा नसतो, घाईचा असतो.

सिरिंजचा दांडा दाबून फीड ढकलू नका. दांडा काढून ठेवा, नुसती नळकांडी राइल्स ट्यूबला (नाकातून पोटात गेलेल्या नळीला) जोडा, पोटापासून फूट-दीड फूट उंच धरा आणि फीड आपसूक उतरू द्या. फार भरभर उतरू लागलं की हात थोडा खाली घ्यायचा. २०० मिलीला १५-२० मिनिटं लागतात. हात भरून येतो, खरं आहे. नळकांडी रिकामी होण्याआधी पुढचं फीड ओता, नाहीतर हवा आत जाऊन पोट फुगतं. फीड फ्रिजमधलं थंडगार नको.

पाठ ३० ते ४५ अंश वर हवी, फीड चालू असताना आणि नंतर तासभर. मानेखाली उशा रचून भागत नाही, त्याने पोट दुमडतं; कमरेपासून उचला. डायपर फीडच्या आधी बदला. भरल्या पोटी आडवं केलं की उलटी ठरलेली.

दर वेळी नळीवरची नाकपुडीजवळची मार्करची खूण पाहा. खूण सरकली असेल, तर काहीही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. नळी जागेवर आहे का हे कळायला तिच्यात हवा मारून पोटावर गुडगुड ऐकणं भरवशाचं नाही. नळी चुकीच्या जागी असली तरी आवाज येऊ शकतो.

जुलाब लागले तर आधी औषधांची पिशवी उघडा. अँटिबायोटिक चालू आहे का? सॉर्बिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं गोड सिरप आहे का? दोन्हींनी पोट बिघडतं. मग मिक्सरचं भांडं आणि सिरिंज कशी धुतली जाते ते बघा. घरी केलेली पेज किंवा नाचणीचं सत्त्व बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नका. ते गाळूनच द्या, नाहीतर नळी तुंबते.

फीडच्या आधी आणि नंतर ३० मिली पाणी सोडा (पाण्यावर बंधन असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच). गोळ्या एकेक करून वेगळ्या कुटा. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या मात्र कुटायच्या नाहीत, त्यांना पर्याय डॉक्टरांकडून लिहून घ्या. नळी तुंबलीच तर कोमट पाणी हलक्या हाताने आत-बाहेर करा. तार घालू नका.

फीड चालू असताना खोकला, धाप, ओठ निळे पडणं किंवा उलटी दिसली तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना फोन करा. धाप थांबत नसेल तर सरळ १०८. नळीतून कॉफीच्या चोथ्यासारखं काही आलं, तरी वाट पाहू नका.

रात्री रुग्णाने नळी उपसून काढली तर सकाळपर्यंत तोंडाने काही भरवू नका. मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना रात्रीच विचारा. आणि ती नळी घरी परत घालू नका, अगदी ब्युरोच्या (घरी रुग्णसेवेला माणसं पाठवणाऱ्या संस्थेच्या) मावशी "मला येतं" म्हणाल्या तरी.