पायआरएनए

पायआरएनए : प्राण्यांच्या जननपेशींत ट्रान्सपोझॉनांना आवर घालणारे सूक्ष्म आरएनए. लांबी साधारण 24 ते 31 न्यूक्लिओटाइड (आरएनएच्या साखळीतील एकेक दुवा). ते पिवी गटातील प्रथिनांना जोडलेले राहून काम करतात. सस्तन प्राण्यांच्या वृषणात ते मोठ्या संख्येने असतात, हे 2006 मध्ये अनेक प्रयोगशाळांना एकाच सुमारास आढळले.

ट्रान्सपोझॉन म्हणजे जनुकसंचात जागा बदलणारे किंवा स्वतःच्या प्रती पसरवणारे डीएनएचे तुकडे. मानवी जनुकसंचाचा जवळपास निम्मा भाग त्यांचा किंवा त्यांच्या अवशेषांचा आहे. त्वचेच्या पेशीत असा तुकडा भलत्या जागी घुसला, तर हानी त्या एका प्राण्यापुरती राहते. अंडपेशीत किंवा शुक्रपेशीत घुसला, तर ती पुढच्या पिढीत उतरते.

ही यंत्रणा फळमाशीत (ड्रोसोफिला) सर्वांत नीट उलगडली आहे. तिच्या गुणसूत्रांवरील काही पट्टे जुन्या, मोडक्या ट्रान्सपोझॉनांनी भरलेले असतात. या पट्ट्यांवरून लांब आरएनए तयार होतो आणि त्याचे तुकडे पडून पायआरएनए बनतात. म्हणजे पूर्वी घुसलेल्यांचे अवशेषच आता त्यांच्या जातभाईंना ओळखायला उपयोगी पडतात. पिवी गटातील ऑबर्जिन या प्रथिनातील पायआरएनए आपल्याशी जुळणारा ट्रान्सपोझॉनचा आरएनए गाठतो आणि प्रथिन तो कापते. कापलेला तुकडा त्याच गटातील अॅगो-3 या प्रथिनात बसून नवा पायआरएनए होतो व पट्ट्यावरून आलेला आरएनए कापायला लावतो. त्यातून पुन्हा पहिल्या प्रकारचे पायआरएनए तयार होतात. या चक्राला पिंगपाँग म्हणतात. त्यामुळे ट्रान्सपोझॉन जितका सक्रिय, तितके त्याच्याविरुद्धचे पायआरएनए वाढतात. गटातील पिवी हे प्रथिन मात्र थेट केंद्रकात जाऊन ट्रान्सपोझॉनभोवतीचे क्रोमॅटिन (डीएनए व प्रथिनांची गुंडाळी) घट्ट करवते व त्याचे लेखनच, म्हणजे त्यावरून आरएनए बनणेच, थांबवते. उंदराच्या नर गर्भात याच गटातील मिवी-2 हे प्रथिन ट्रान्सपोझॉनच्या डीएनएवर त्याला निष्क्रिय करणारे मेथिल गट (छोटे रासायनिक गट) बसवण्याची दिशा दाखवते. ते नसलेले नर वंध्य होतात.

या संरक्षणात आईचा वाटा केवढा आहे, ते फळमाशीतील पी-घटक या ट्रान्सपोझॉनावरून दिसते. पी-घटक असलेला नर आणि नसलेली मादी यांच्या संततीची जननांगे, विशेषतः उष्ण तापमानात, खुरटतात. उलट संकरात, म्हणजे घटक आईकडून आल्यास, संतती सुदृढ निपजते. दोन्हींकडे पी-घटक सारखाच असतो. फरक एवढाच, की दुसऱ्या संकरात आईने अंड्यातून त्याविरुद्धचे पायआरएनएही दिलेले असतात. पहिल्या संकरातील काही माद्या वय वाढल्यावर स्वतःचे पायआरएनए पुरेसे बनवू लागतात आणि पुन्हा जननक्षम होतात.