टोरांटोत वन बेडरूम कॉन्डो घेताना: पात्रता, कागदपत्रं आणि स्टेटस सर्टिफिकेट

रीजंट पार्कमध्ये २००५ पासून जुन्या सरकारी इमारती टप्प्याटप्प्याने पाडल्या जात आहेत आणि त्यांच्या जागी सरकारी भाड्याची घरं नि खुल्या बाजारातले कॉन्डो (मालकीच्या फ्लॅटचे) टॉवर शेजारीशेजारी उभे राहत आहेत. लिबर्टी व्हिलेजमध्ये कारखान्यांच्या जागी कॉन्डो आले. डाउनटाउनला नोकरी असलेल्या आपल्या लोकांची नजर पहिल्या घरासाठी अशाच वस्त्यांवर जाते. बँकेला लागणारी कागदपत्रं सगळे चोख जमवतात. इमारतीची कागदपत्रं मात्र ‘वकील बघेल’ म्हणून सोडून देतात. माझ्या मते खरी मेख तिथेच आहे, पण आधी पात्रतेचं उरकून घेऊ.

घर घेता येतं का, आणि किती कर भरून?

नागरिक किंवा पीआर (कायमचे रहिवासी) असाल तर प्रश्नच नाही. वर्क परमिटवर असाल तर दोन वेगवेगळे नियम आहेत आणि लोक त्यांची हमखास गल्लत करतात.

पहिला नियम केंद्राचा. कॅनेडियन नसलेल्यांना घर खरेदीची बंदी १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली आणि पुढे तिची मुदत १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवली गेली. वर्क परमिटवाल्यांना यात सूट आहे. खरेदीच्या दिवशी परमिटची किमान १८३ दिवसांची मुदत शिल्लक हवी आणि या सवलतीत एकच घर घेता येतं.

बंदीतून सुटलात म्हणजे करातून सुटलात असं नाही. दुसरा नियम कराचा. ओंटारियो प्रांताचं सरकार पीआर नसलेल्या परदेशी खरेदीदाराकडून २५ टक्के कर घेतं. १ जानेवारी २०२५ पासून टोरांटो महापालिकेने त्यावर स्वतःचा १० टक्के कर लावला आहे. म्हणजे ५ लाख डॉलरच्या घरावर १ लाख ७५ हजार डॉलर नुसता जादा कर! खरेदीनंतर चार वर्षांत पीआर मिळाली तर अटी पाळून प्रांताचा कर परत मागता येतो. पती किंवा पत्नी नागरिक वा पीआर असेल आणि घर दोघांच्या नावावर घेतलं, तर प्रांताच्या करातून सूट आहे. पीआर वर्षभरात येईल अशी आशा असेल तर मी तरी थांबण्याचाच सल्ला देईन.

‘पहिलं घर’ आणि पुण्यातला फ्लॅट

खरेदीच्या वेळी जमीन हस्तांतरण कर दोनदा भरावा लागतो, एकदा प्रांताला आणि एकदा महापालिकेला. ५ लाखांच्या घरावर प्रत्येकी ६,४७५, म्हणजे एकूण १२,९५० डॉलर. पहिलं घर घेणाऱ्याला प्रांत ४,००० पर्यंत आणि शहर ४,४७५ पर्यंत सूट देतं. दोन्ही मिळाल्या तर खिशातून ४,४७५ जातात.

अट अशी की तुम्ही आजवर जगात कुठेही घराचे मालक नसावं. कोथरूडचा वन बीएचके भाड्याने दिलेला असो किंवा वडिलांच्या पश्चात गावच्या घरावर तुमचं नाव लागलेलं असो, ते धरलं जातं. विवाह झाल्यापासून जोडीदाराच्या नावावर घर असेल तरी सूट गेली. ‘इथे कोणाला कळणार?’ हा विचार करू नका, वकिलासमोर तुम्ही लेखी निवेदन देत असता. शिवाय वय १८ पूर्ण हवं, नागरिकत्व किंवा पीआर हवी आणि नऊ महिन्यांच्या आत स्वतः राहायला जायला हवं.

एफएचएसए (पहिल्या घरासाठी करसवलतीने बचत करायचं खातं) या खात्याची व्याख्या मात्र वेगळी आहे. तिथे चालू वर्षात आणि त्याआधीच्या चार वर्षांत स्वतःच्या वा जोडीदाराच्या मालकीच्या घरात तुम्ही राहत होता का, हे पाहतात. त्यामुळे करसवलत हुकलेल्या माणसालाही हे खातं उघडता येऊ शकतं. वर्षाला ८,००० आणि एकूण ४०,००० डॉलरची मर्यादा आहे. आरआरएसपीमधून (निवृत्तीसाठीच्या बचत खात्यातून) घरासाठी ६०,००० पर्यंत काढता येतात, ते वेगळे.

बँकेसाठीची फाइल

नोकरीचं पत्र, अलीकडच्या पे स्टब (पगाराच्या पावत्या), टी-४ (कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा दाखला), आयकर खात्याचं नोटिस ऑफ असेसमेंट, दोन ओळखपत्रं, पीआर कार्ड आणि ९० दिवसांची बँक स्टेटमेंट. डाउन पेमेंटमधला पैसा आईवडिलांनी भारतातून पाठवला असेल तर त्यांच्या सहीचं गिफ्ट लेटर आणि पैसे कुठून आले त्याचा माग लागतो. भारतातून निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकन डॉलरपर्यंत पाठवता येतात. बँकेची प्रक्रिया वेळखाऊ असते, म्हणून ऑफर द्यायच्या आठवड्यात हे काम काढू नका.

पहिल्या ५ लाखांवर किमान ५ टक्के डाउन पेमेंट आणि त्यावरच्या रकमेवर १० टक्के. २० टक्क्यांपेक्षा कमी भरलं तर कर्जाचा विमा सक्तीचा. ५ लाखांवर नेमके २५,००० भरले आणि कर्ज २५ वर्षांचं घेतलं तर विम्याचा हप्ता १९,००० डॉलर होतो. तो कर्जात मिळवता येतो, पण त्यावरचा ८ टक्के प्रांतीय कर, म्हणजे १,५२० डॉलर, ताबा घेतानाच रोख द्यावा लागतो. याचा हिशेब फार थोडे जण आधी करतात. आणखी एक गोष्ट, कॉन्डोच्या मासिक मेंटेनन्सची निम्मी रक्कम बँक तुमच्या कर्जफेडीच्या बोज्यात धरते. म्हणून जिम, पूल आणि चोवीस तास कन्सिअर्ज असलेल्या टॉवरमध्ये कर्ज थोडं कमीच बसतं.

स्टेटस सर्टिफिकेट

स्टेटस सर्टिफिकेट म्हणजे इमारतीची पैशाची नि कायद्याची स्थिती सांगणारा कागदांचा गठ्ठा, तो कॉन्डो कॉर्पोरेशन (इमारतीतल्या सगळ्या मालकांची मिळून संस्था) देतं. रीसेल, म्हणजे आधीच्या मालकाकडून घ्यायच्या घराची ऑफर देताना ‘वकिलाने स्टेटस सर्टिफिकेट तपासून समाधान झाल्यास’ ही अट घातलीच पाहिजे. गर्दीच्या बाजारात एजंट ती काढायला सुचवतात. तेव्हा ऑफरच्या आधीच सर्टिफिकेट मागवून वाचून घ्या, पण न वाचता सही नको. १९९८ च्या कॉन्डोमिनियम कायद्यानुसार अर्ज आणि शुल्क मिळाल्यापासून १० दिवसांत ते द्यावं लागतं आणि शुल्क करांसह १०० डॉलरपेक्षा जास्त घेता येत नाही.

गठ्ठा जाडजूड असतो. नियमावली आणि पोटनियम वकील बघेल, तुम्ही चार जागा स्वतः वाचा. विकणाऱ्याची थकबाकी. मोठ्या दुरुस्त्यांसाठीच्या राखीव निधीत किती पैसे आहेत आणि तो पुरेल का याचा शेवटचा अभ्यास कधी झाला, कारण हा अभ्यास दर तीन वर्षांनी नव्याने करावा लागतो. मालकांवर विशेष वर्गणी (मेंटेनन्सव्यतिरिक्त जादा रक्कम) लावली आहे किंवा लावायचा विचार आहे का. आणि कोर्टात काही चालू आहे का.

नव्याने उभ्या राहिलेल्या वस्तीत पाचवी जागा वाढते, ती म्हणजे सामायिक सुविधांचा करार. दोन टॉवर, खाली दुकानं, बाजूला सरकारी घरांची इमारत, आणि पार्किंगचा रॅम्प किंवा बाग सगळ्यांची मिळून. खर्चाची वाटणी कोणत्या टक्क्याने, हे त्या करारात असतं. शेजारचा टप्पा अजून बांधायचा असेल तर वाटणी पुढे बदलते का, हे वकिलाला स्पष्ट विचारा. इमारत वर्षा-दोन वर्षांची असेल तर आजचा मेंटेनन्स फसवा असू शकतो. पहिल्या वर्षाच्या बजेटमधली तूट बिल्डरला भरावी लागते, त्यानंतरची सगळी मालकांच्या माथी.

पार्किंग आणि लॉकरचे क्रमांक करारात नि सर्टिफिकेटमध्ये जुळवून पाहा. जाहिरातीत ‘पी-३ लेव्हल, लॉकरसह’ असतं आणि कागदावर लॉकर मालकीचा नसून नुसता वापरायला दिलेला निघतो.

खिडकीतून दिसणाऱ्या तलावाची हमी मात्र कुठलाच कागद देत नाही. समोरच्या मोकळ्या जागेवर टॉवरचा अर्ज आहे का, ते महापालिकेच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून बघता येतं.

बांधकाम चालू असलेलं घर

इथे स्टेटस सर्टिफिकेटऐवजी बिल्डरचं डिस्क्लोजर स्टेटमेंट (प्रकल्पाची माहिती देणारा दस्तऐवज) मिळतं आणि सगळे कागद हातात आल्यापासून १० दिवसांत, कारण न देता, लेखी कळवून व्यवहार रद्द करता येतो. ते १० दिवस वकिलासाठी आहेत, पेढे वाटायला नाहीत. बिल्डरचा परवाना ओंटारियो बिल्डर डिरेक्टरीत तपासा. इमारतीची नोंदणी होण्याआधी ताबा मिळाला तर तेवढे महिने बिल्डरला ऑक्युपन्सी फी (भाड्यासारखं शुल्क) भरावी लागते आणि त्यातला एक डॉलरही कर्जाच्या मुद्दलात जात नाही.

ताबा आणि त्यानंतर

ताब्याच्या आधी वकिलाकडे ओळखपत्रं, घराच्या विम्याचा पुरावा आणि उरलेल्या रकमेचा बँक ड्राफ्ट द्यायचा. नोंदणी ऑनलाइन होते, किल्ल्या त्याच दिवशी मिळतात. विमा घेताना कॉन्डो कॉर्पोरेशनच्या पॉलिसीतला डिडक्टिबल (नुकसानीचा विमा कंपनी न देणारा पहिला हिस्सा) किती आहे ते विमा एजंटला सांगा. तुमच्या वॉशिंग मशीनचा पाइप फुटून खालचे दोन मजले भिजले तर ती रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते.

कॉन्डो कॉर्पोरेशनला मालक म्हणून आपलं नाव नि पत्ता लगेच कळवा. घरात स्वतः राहत असलात तरी महापालिकेला दरवर्षी रिकाम्या घराच्या करासाठीचं घोषणापत्र ऑनलाइन भरावंच लागतं. ते राहिलं तर घर रिकामं धरून बिल येतं.