जुने डेस्कटॉप व वर्कस्टेशन प्रोसेसर : कामगिरी आणि किंमत

पहिल्या मालकाने काढून टाकल्यावर पुन्हा विक्रीला आलेल्या प्रोसेसरांची कामगिरी आणि त्यांच्यापायी होणारा एकूण खर्च यांची तुलना. नवा माल घेताना कंपनीने जाहीर केलेली किंमत हा निदान एक आधार असतो. जुन्या बाजारात तो उरत नाही. एके काळी दीड हजार डॉलरला विकली गेलेली चिप शंभराच्या आत मिळते आणि ती बसवायला लागणारा मदरबोर्ड तिच्यापेक्षा महाग पडतो. म्हणून सुट्या चिपची किंमत हा या तुलनेतला सर्वांत फसवा आकडा आहे. या नोंदीत मुख्यतः २००७ ते २०१७ या काळातले इंटेल आणि एएमडी या कंपन्यांचे प्रोसेसर विचारात घेतले आहेत.

एकच सिलिकॉन, दोन नावे

इंटेलने डेस्कटॉपसाठी ‘कोअर’ आणि सर्व्हर व वर्कस्टेशनसाठी ‘झिऑन’ अशी दोन नावे चालवली, पण आतली चिप पुष्कळदा एकच असे. मार्च २०१० मध्ये आलेले कोअर आय७-९८०एक्स आणि झिऑन एक्स५६५० हे ३२ नॅनोमीटरच्या एकाच रचनेचे, सहा कोअर (गणना करणारे स्वतंत्र विभाग) आणि बारा थ्रेडचे (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे). पहिल्याचा क्लॉक स्पीड ३.३३ गिगाहर्ट्झ आणि मल्टिप्लायर (बेस क्लॉकला गुणून वेग ठरवणारा आकडा) बदलायला मोकळा. दुसऱ्याचा २.६६ गिगाहर्ट्झ, मल्टिप्लायर बंद, पण उष्णतेची मर्यादा १३० ऐवजी ९५ वॉट, आणि एका बोर्डावर दोन प्रोसेसर चालवण्याची सोय. किंमत दोन्हींची हजार डॉलरच्या घरात. एलजीए १३६६ सॉकेट (प्रोसेसर बसण्याची जागा) आणि एक्स५८ चिपसेट (बोर्डावरचे भाग जोडणारी चिप) असलेल्या अनेक घरगुती बोर्डांवर बायोस (बोर्डाचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केला की झिऑनही चालतो. पुढे सर्व्हरमधून निघालेले एक्स५६५० स्वस्त झाले, तेव्हा चार कोअरचा जुना आय७-९२० काढून तिथे हा बसवण्याची लाटच आली. बेस क्लॉक १३३ वरून २०० मेगाहर्ट्झवर नेला की वीसच्या मल्टिप्लायरने तो ४ गिगाहर्ट्झवर पोचतो.

त्याआधीची पिढी याहून धाडसी होती. एलजीए ७७१ सॉकेटचा झिऑन ई५४५० (४ कोअर, ३ गिगाहर्ट्झ, १२ एमबी कॅशे म्हणजे चिपमधली जलद मेमरी) हा एलजीए ७७५ च्या डेस्कटॉप बोर्डात बसवण्यासाठी हौशी लोक दोन पिनांची जागा बदलणारे छोटे स्टिकर चिपखाली चिकटवत आणि सॉकेटाच्या खाचा ब्लेडने कापत. कोअर २ क्वाड क्यू६६०० च्या २.४ गिगाहर्ट्झपुढे ही उडी मोठी होती. हा उद्योग आता केवळ करमणूक म्हणून करावा.

सर्वांत बिनबोभाट सौदा ई३ मालिकेचा. झिऑन ई३-१२३० व्ही२ (२०१२) म्हणजे ग्राफिक्स काढून घेतलेला आय७-३७७० म्हणायला हरकत नाही : चार कोअर, आठ थ्रेड, ८ एमबी कॅशे, ३.३ ते ३.७ गिगाहर्ट्झ. आय७ चा वेग ३.४ ते ३.९. हा झिऑन नवा असतानाच आय७ पेक्षा स्वस्त होता आणि साध्या एच६१ किंवा बी७५ बोर्डावर चालत असे. या मालिकेत क्रमांकाचा शेवट ५ ने झाला (१२२५, १२४५) तर ग्राफिक्स आहे, ० ने झाला (१२३०, १२४०) तर नाही. घेणाऱ्याने एवढे पाहिले नाही तर ग्राफिक कार्डाचा खर्च अंगावर येतो. २०१५ च्या ई३ व्ही५ पासून इंटेलने ही वाट बंद केली : साध्या डेस्कटॉप चिपसेटवर झिऑन चालेना, सी२३२ किंवा सी२३६ लागू लागले.

वेग कशावरून ठरतो

गिगाहर्ट्झवरून दोन वेगळ्या पिढ्यांची तुलना करता येत नाही. एएमडीने २००१ मध्येच १.५३ गिगाहर्ट्झच्या चिपला ‘अॅथलॉन एक्सपी १८००+’ असे नाव देऊन हे मान्य केले होते. इंटेलला ते २००६ मध्ये स्वतःच्याच मालावर सिद्ध करावे लागले, जेव्हा १.८६ गिगाहर्ट्झचा कोअर २ डुओ ई६३०० हा त्याच्या दुप्पट क्लॉकच्या पेंटियम ४ ला मागे टाकू लागला. क्लॉकच्या एका ठोक्यात किती सूचना (प्रोग्रामच्या आज्ञा) पार पडतात, हे क्लॉकइतकेच महत्त्वाचे असते. क्लॉक, दर ठोक्यातले काम आणि कोअरची संख्या या तिन्हींचा गुणाकार म्हणजे वरची मर्यादा. प्रत्यक्षात तिथवर पोचणारे काम थोडे.

झिऑन ई५-२६७० आणि आय७-३७७० ही जोडी यासाठी घेण्यासारखी आहे. दोन्ही २०१२ चे. ई५-२६७० ला आठ कोअर, २० एमबी कॅशे, ११५ वॉट. सगळे कोअर कामाला लागले की वेग ३ गिगाहर्ट्झ, एकच कोअर असेल तर ३.३. आय७ चे चारही कोअर ३.७ वर चालतात, एकटा ३.९ वर. सगळे कोअर भरून काढणाऱ्या कामात, म्हणजे व्हिडिओ एन्कोड करणे, त्रिमितीय रेंडर, मोठे प्रोग्राम कंपाइल करणे अशा वेळी, कोअर गुणिले क्लॉक हा हिशेब २४ विरुद्ध १४.८ असा येतो. झिऑन दीडपटीहून पुढे. एकाच कोअरवर चालणाऱ्या कामात मात्र आय७ क्लॉकमुळेच सुमारे १८ टक्के पुढे, आणि नव्या रचनेचा थोडा फायदा वेगळाच. ब्राउझर, टॅली, एक्सेलची बरीचशी गणिते, अनेक जुने खेळ आणि कॅडमध्ये रेखाचित्र फिरवणे या दुसऱ्या गटात पडतात. घरच्या संगणकावर दिवसभर चालते ते बहुतेक हेच.

या दोन गटांच्या मधल्या कामांचे गणित संगणक-रचनाकार जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडले. एखाद्या कामाचा ८० टक्के भाग वाटून देता येत असेल, तर चार कोअरवर ते अडीचपट वेगाने होईल, आठवर ३.३ पट, सोळावर फक्त चौपट. चारांवरून सोळांवर गेल्याने हाती येते ते अडीचाचे चार. चौदा कोअरचा ई५-२६८० व्ही४ घेऊन गेम खेळणाऱ्यांची निराशा होते, तिचे कारण मुख्यतः यातच आहे.

एएमडीच्या एफएक्स मालिकेत कोअरची मोजदादच वादात सापडली. ऑक्टोबर २०१२ चा एफएक्स-८३५० आठ कोअरचा म्हणून १९५ डॉलरला विकला गेला. आत चार मॉड्यूल होती. प्रत्येकात पूर्णांकांची गणिते करणारे दोन भाग, पण दशांशांची गणिते करणारा भाग दोघांत एकच. सगळे थ्रेड वापरणाऱ्या कामात तो त्या किमतीच्या इंटेल आय५ च्या बरोबरीने किंवा पुढे असे, एका थ्रेडच्या कामात बराच मागे. ‘आठ कोअर’ या दाव्यावरून कॅलिफोर्नियात खटला झाला आणि २०१९ मध्ये एएमडीने १ कोटी २१ लाख डॉलर देऊन तो मिटवला.

चाचण्यांचे गुण

सिनेबेंच, पासमार्क, गीकबेंच या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामांचे गुण तुलनेला उपयोगी पडतात, पण आवृत्ती एकच असली तरच. सिनेबेंच आर१५ आणि आर२३ यांचे आकडे एका तक्त्यात ठेवता येत नाहीत. पासमार्कने २०२० च्या दहाव्या आवृत्तीत गुणांचे मापच बदलले, त्यामुळे त्याआधीच्या लेखांतले आकडे आज लावले की चुकीचे निष्कर्ष निघतात. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या स्पेक या संस्थेच्या चाचण्या अधिक शिस्तीच्या आहेत, मात्र त्यांचे निकाल बहुधा सर्व्हर उत्पादकांनी स्वतःच्या यंत्रांवर, कंपायलर पारखून काढलेले असतात. घेणाऱ्याने एकूण गुणांआधी एका थ्रेडचे गुण पाहावेत. विक्रेते मोठा आकडा तेवढा छापतात.

चिप स्वस्त, बोर्ड महाग

मोठी डेटा सेंटरे ठरावीक वर्षांनी सर्व्हर एकदम बदलतात. काढलेल्या सर्व्हरचा बोर्ड त्या कंपनीच्या खास मापाचा असतो, तो घरच्या कॅबिनेटात बसत नाही आणि भंगारात जातो. चिप मात्र सुटी निघते आणि सहसा बिघडत नाही. ई५-२६७० ची मूळ किंमत १,५५२ डॉलर. २०१५-१६ मध्ये असे ढीग बाजारात आले आणि ती शंभर डॉलरच्या खाली घसरली. ती बसते त्या एलजीए २०११ सॉकेटचे चांगले डेस्कटॉप बोर्ड मुळातच कमी विकले गेले होते, त्यांचे भाव टिकून राहिले, काहींचे चढले. ही पोकळी चिनी उत्पादकांनी भरली : हुआनानझीसारख्या कंपन्या एक्स७९ आणि एक्स९९ या नावांनी नवे बोर्ड बनवतात, त्यावर पुष्कळदा जुन्या यंत्रांतून काढलेले चिपसेट बसवलेले असतात. बायोस अपुरा, झोपेतून संगणक न उठणे अशा त्यांच्या तक्रारी नित्याच्या आहेत. तरीही ई५ व्ही३ आणि व्ही४ च्या स्वस्त वर्कस्टेशनांचा बराचसा पसारा यांच्याच आधाराने उभा आहे.

मेमरीचा हिशेब वेगळा करावा लागतो. एक्स५६०० आणि ई५ मालिकांना रजिस्टर्ड ईसीसी रॅम (चुका सुधारणारी, सर्व्हरची मेमरी) चालते; ती सर्व्हरमधून ढिगाने निघते आणि साध्या रॅमपेक्षा स्वस्त मिळते. ई३ ला ती चालत नाही, त्याला अनबफर्ड (रजिस्टर नसलेली) ईसीसी किंवा साधीच लागते. ६४ किंवा १२८ जीबी रॅमची खरोखर गरज असणाऱ्याला जुना ई५ परवडतो तो प्रोसेसरपेक्षा या रॅममुळे.

माझ्या मते सर्वसाधारण गिऱ्हाइकाने सुटे भाग जमवण्याच्या नादी लागू नये. डेल प्रिसिजन टी३६०० किंवा एचपी झेड४२० यांसारखे आख्खे वर्कस्टेशन घ्यावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत घ्यायचे तर समोर चालवून पाहता येते, हा फायदा ऑनलाइन सौद्यात नाही. अशा यंत्रांचे एसएमपीएस (वीजपुरवठा करणारे भाग) आणि त्यांचे कनेक्टर बऱ्याचदा खास असतात, बिघडले की बाजारातला साधा लागत नाही. आणखी एक खोच झेड४२० ची आहे : बायोसमध्ये बूट ब्लॉकची (संगणक सुरू करणाऱ्या पहिल्या भागाची) तारीख २०११ ची असेल तर त्या बोर्डावर ई५ व्ही२ चालत नाही, २०१३ ची असेल तर चालतो. बाहेरून दोन्ही यंत्रे सारखीच दिसतात. दहा वर्षे जुन्या यंत्रात थर्मल पेस्ट वाळलेली असतेच, ती बदलण्याचा खर्च किरकोळ.

विजेचे बिल

डब्यावरचे वॉट म्हणजे प्रत्यक्ष खप नव्हे. ती थंड ठेवण्याच्या व्यवस्थेसाठी दिलेली मर्यादा आहे. जुन्या वर्कस्टेशनचा खरा तोटा रिकाम्या वेळी दिसतो, कारण एक्स५८ सारखा चिपसेट, सहा-सहा रॅमच्या पट्ट्या आणि जुने ग्राफिक कार्ड काही न करतानाही वीज खात राहतात. जुने यंत्र नव्यापेक्षा सरासरी ६० वॉट जास्त घेते आणि रोज १० तास चालते असे धरले, तर वर्षाला २१९ युनिट होतात. युनिटला १० रुपये दराने सुमारे २,२०० रुपये. तीन वर्षांत साडेसहा हजार. तेवढ्या फरकात अनेकदा एक पिढी पुढचा प्रोसेसर बसतो. आठवड्यातून एकदा रेंडर करणाऱ्याला हा हिशेब लागू नाही, चोवीस तास फाइल-सर्व्हर चालवणाऱ्याला तो अडीचपटीने लागू आहे.

सॉफ्टवेअरने आखलेली सीमा

वेग पुरेसा असूनही काही चिपा बाद होतात. वेस्टमिअर पिढीला (एक्स५६५०) एव्हीएक्स (एकदम अनेक आकड्यांवर गणित करणाऱ्या) सूचना नाहीत, त्या २०११ च्या सँडी ब्रिजपासून आल्या. एव्हीएक्स२ साठी २०१३ चा हॅसवेल लागतो. या सूचना गृहीत धरणारे खेळ व गणिती प्रोग्राम जुन्या चिपवर सुरूच होत नाहीत. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरांच्या सुरक्षेतल्या त्रुटी जाहीर झाल्या, तेव्हा हॅसवेल आणि त्याआधीच्या प्रोसेसरांवर दुरुस्तीमुळे वेग अधिक घटेल असे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते.

विंडोज ११ (ऑक्टोबर २०२१) ने अधिकृत यादी इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि रायझन २००० पासून सुरू केली. जानेवारी २०१७ चा आय७-७७००के आणि त्याच वर्षी एएमडीला पुन्हा उभे करणारा आठ कोअरचा रायझन ७ १७००, दोन्ही बाहेर राहिले. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नियम डावलून विंडोज ११ बसवता येते, पण तिच्या २४एच२ आवृत्तीला पॉपकाउंट ही सूचना अनिवार्य आहे आणि ती कोअर २ पिढीत नाही. तिथे युक्त्याही चालत नाहीत. लिनक्सवर ही अट नाही, त्यामुळे रेंडर, कंपाइल किंवा फाइल-सर्व्हरसाठी जुना झिऑन घेणाऱ्यांना या यादीने फरक पडत नाही.